स्कोअर ७९२, पत्ता पूर्व भाग

लोकांच्या कर्जाच्या फायली तयार करून देणं हा माझ्या पोटापाण्याचा एक भाग आहे. टॉवेलवाले, शाळेचे युनिफॉर्म शिवणारे, एक शेंगा चटणीवाले, दोन किराणा दुकानदार, यांचे हिशेब मी लिहितो. टॅलीतल्या एन्ट्र्या, जीएसटीचे रिटर्न, मार्चनंतर बॅलन्सशीट, आणि कुणाला बँकेकडून सीसी, म्हणजे धंद्यातल्या खेळत्या पैशासाठीची कर्जमर्यादा, वाढवून हवी असेल तर प्रोजेक्ट रिपोर्ट, बँकेला द्यायचे सीएमएचे तक्ते वगैरे. मी सीए नाही. सीएची सही होण्याआधी जे जे व्हावं लागतं ते मी करतो. माझ्या हातून गेलेल्या फायलींवर इथं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूम बसलेत. मला मात्र नवी पेठेतल्या दुकानात वॉशिंग मशीनसाठी हप्ते मंजूर झाले नाहीत.

माझा क्रेडिट स्कोअर, म्हणजे घेतलेली कर्जं कशी फेडली त्याचा आकडा, खराब असेल असं कुणाला वाटेल, म्हणून सांगतो, तो ७९२ होता. ३०० ते ९०० मधला ७९२. गाडीचं कर्ज वेळेत फिटलं. आईच्या ऑपरेशनला पर्सनल लोन काढलं होतं, ते मुदतीआधी बंद केलं. मोबाइल हप्त्यावर घेतला, एकही हप्ता बाऊन्स नाही. दुकानात फायनान्सचं टेबल टाकून बसलेल्या पोरानंच आकडा बघून "सर, तुमचं सिबिल तर लै भारी आहे" असं सर्टिफिकेट दिलं. मग पॅन टाकला, आधारचा ओटीपी टाकला, कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून डोळे मिचकावले, पत्ता टाकला. स्क्रीनवर थोडा वेळ ते चक्र फिरलं आणि लाल पट्टी आली. पोरानं पुन्हा टाकलं. पुन्हा लाल.

"सिस्टीम घेईना सर."

"का घेईना?"

"ते आम्हाला दाखवत नाही सर."

शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कंपनीची मुलगी बसली होती. तिनं "काका, इकडं करून बघू" म्हणून बोलावलं. तिथंही तेच. फरक एवढाच की तिच्या तोंडून "लोकेशन दाखवलालंय" असं निसटलं, आणि आपण जास्त बोललो हे लक्षात आल्यावर ती एकदम प्रिंटरकडे बघायला लागली. आमची ही तोवर मशीनचं झाकण तिसऱ्यांदा उघडून आत हात घालून बघत होती.

माझा स्वभाव हिशेबनीसाचा. शंभर रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत झोप लागत नाही. घरी आल्यावर माझं खातं ज्या बँकेत कित्येक वर्षं आहे, तिथं क्रेडिट कार्डासाठी अर्ज टाकला. म्हटलं, ही बँक माझी प्रत्येक जमा-नावे बघते, ही तरी ओळखेल. शिवाय हिचेच लोक मला अधूनमधून फोन करून प्री-अप्रूव्हड कर्ज घ्या म्हणून मागे लागतात.

अर्जानंतर घरी तपासणीला माणूस आला. या तपासणीला त्या धंद्यात एफआय म्हणतात, फील्ड इन्व्हेस्टिगेशन. नाव ऐकून सीआयडीची जीप येईल असं वाटतं. येतो तो मोटरसायकलवरचा घामाघूम पोरगा, फेरीमागे ठरलेले पैसे मिळणारा. मी नेमका एका पार्टीकडे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे, बिलं आणायला गेलो होतो. ही शाळेत मुलीच्या पालकसभेला. त्यानं दाराचा फोटो काढला, लाइटच्या मीटरचा काढला, आणि शेजारच्या अक्कांना गाठलं. अक्का नेहमीप्रमाणे उंबऱ्यावर मांडीत सूप घेऊन बिड्या वळत बसलेल्या. एका हातात पान, चिमटीत तंबाखू, वळलं, दोरा गुंडाळला, टाकली, पुढची. मान वर न करता त्यांनी सगळी उत्तरं दिली, आणि मी आल्यावर मोठ्या अभिमानानं ती मला म्हणूनही दाखवली.

"हे इथंच राहतात का?"

"राहतात की."

"काय करतात?"

"काय की बा. घरीच असतोय. दिवसभर कम्प्युटरसमोर बसतोय."

"ऑफिस कुठंय?"

"कशाचं ऑफिस? घरीच असतोय म्हटलं की."

"माणूस कसा आहे?"

"लै चांगला. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

अक्कांनी एक अक्षर खोटं सांगितलं नाही. दोन-तीन दिवसांत मेसेज आला की बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही, आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभार.

मग मी चारही कंपन्यांचे रिपोर्ट काढले. आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण कर्जफेडीच्या नोंदी ठेवून स्कोअर काढणाऱ्या, रिझर्व्ह बँकेनं परवाना दिलेल्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे, आणि आपण स्वतः काढल्यानं स्कोअर हलत नाही. हे मी पार्ट्यांना नेहमी सांगत आलोय. चारही रिपोर्ट प्रिंट काढून पेन घेऊन बसलो. कुणाचं तरी थकलेलं कर्ज माझ्या पॅनवर चढलंय का, बंद केलेलं खातं चालू दिसतंय का, नावाच्या स्पेलिंगचा घोळ आहे का. काहीच नाही. हिशेब जुळला, आणि त्याचाच जास्त त्रास झाला, कारण चूक सापडली असती तर दुरुस्तीचा अर्ज करता आला असता. त्याला तर मुदतही आहे. तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. बरोबर असलेल्या रिपोर्टची तक्रार कुठं करायची?

एक बदल मात्र दिसला. दोन फायनान्स कंपन्या आणि एक बँक, तिघांनी माझा रिपोर्ट उघडून बघितला होता. तसे एसएमएसही आले होते, २०२४ पासून ते यावेच लागतात. अशी प्रत्येक चौकशी रिपोर्टात नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत चार ठिकाणी विचारणा दिसली की माणूस पैशाला हपापलाय असं धरतात. माझा आकडा ७९२ वरून ७७४ वर आला होता. म्हणजे त्यांनी मला कर्ज नाकारलं ते नाकारलं, वर मी मागायला गेलो होतो हे माझ्याच नावावर लिहून ठेवलं.

खरं काय ते कळलं पार्क चौकात, चहाच्या टपरीवर. माझ्या एका टॉवेलवाल्या पार्टीचा मुलगा अशाच एका फायनान्स कंपनीत सेल्सला होता. आता वडिलांच्या धंद्यात आलाय, म्हणून मोकळेपणी बोलला.

"अण्णा, तुम्ही कुठं राहताव?"

"तुला माहीत नाही का बे? लहानपणापासून येतोस घरी."

"तेच तर सांगलालो. स्कोअर हा नुसता गेटपास हो. आत गेल्यावर कंपनीची पॉलिसी. तुमचा एरियाच निगेटिव्हमध्ये असेल."

मग त्यानं त्यांच्या धंद्यातली बाराखडी शिकवली. निगेटिव्ह एरिया म्हणजे जिथल्या अर्जाला हातच लावायचा नाही. ओजीएल म्हणजे शाखेच्या हद्दीबाहेर. शाखा तीन किलोमीटरवर असली तरी हद्दीबाहेर असू शकतं. निगेटिव्ह प्रोफाइल म्हणजे माणसाचा धंदाच नको. वकील, पोलीस, पत्रकार यांना त्यांच्याकडे सहसा टाळायचे, कारण वसुलीला गेलेला पोरगाच उलट अडचणीत येतो. हे सांगताना तो खो खो हसला. पिनकोडप्रमाणे हप्ते किती बाऊन्स होतात, किती खाती पुढच्या बकेटमध्ये, म्हणजे जास्त दिवसांच्या थकबाकीत, सरकतात हे वरचे लोक बघत असतात. यादी वरून येते, मधूनच बदलते, आणि टेबलावरच्या पोरांना ती कधी मिळत नाही. त्यांना फक्त लाल पट्टी मिळते.

"आणि तुम्ही काय टाकलं, नोकरी की धंदा?"

धंदाच टाकला होता. पण फॉर्ममध्ये पगारदार, डॉक्टर-सीएसारखे व्यावसायिक, दुकानदार-कारखानदार, आणि शेवटी 'इतर' एवढेच रकाने होते. दुकान नाही, पाटी नाही, डिग्रीची सनद नाही, चार-पाच जणांकडून दरमहा थोडे थोडे पैसे येतात, काही यूपीआयनं, काही चेकनं, काही पाकिटातून. मी इतर.

सोलापूर ठाऊक नसणाऱ्यांसाठी सांगायला हवं की मी राहतो तो पूर्व भाग म्हणजे काय. अशोक चौक, कन्ना चौक, दाजी पेठ, साखर पेठ, भवानी पेठ, तिकडचा सगळा पट्टा. यंत्रमाग, विडी कारखान्यांच्या ब्रँचा, तेलुगू बोलणारी घरं, बोळाबोळातून येणारा मागांचा खडखडाट. सोलापुरी चादर या नावाला जीआय टॅग मिळालाय, ती चादर इथल्या हातांची. इथले पुरुष मागावर, बायका घरी विड्या वळणार, आणि मजुरी कामाच्या हिशेबानं. काम बंद तर मजुरी बंद. गेल्या काही वर्षांत बायकांच्या गटांना मायक्रोफायनान्सची कर्जं भराभर मिळाली. एकीची चार-चार. हप्तेवाला गल्लीत आला की कोण घरात आहे आणि कोण देवळात गेलंय हे मुलांना पाठ झालेलं असतं. त्यातून थकबाकी झाली हे मी डोळ्यांनी बघितलंय, नाकारत नाही. त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं विनातारण ग्राहक कर्जांची जोखीम शंभर टक्क्यांवरून सव्वाशे टक्के धरायला सांगितली, म्हणजे तेवढ्याच कर्जासाठी बँकांना जास्त भांडवल अडकवून ठेवावं लागायला लागलं. असं झालं की हात आखडला जातो, आणि तो आधी आखडतो तो आमच्यासारख्यांवर.

धंद्याच्या बाजूनं बघायची मला सवय आहे, ते गणितही मला कळतं. बावीस हजारांचं कर्ज, त्यावर सुटणारे पैसे हजार-दीड हजार. ते थकलं आणि वसुलीला माणूस दोनदा पाठवला तर नफा गेला. मग एकेक माणूस तपासत बसण्यापेक्षा अख्खा पिनकोडच वगळणं स्वस्त. कर्ज देणं कुणावर सक्तीचं नाही. रिझर्व्ह बँकेनं कर्जासाठी अमुक इतका किमान स्कोअर असा काही ठरवूनही दिलेला नाही. स्कोअरला माझा पगार माहीत नसतो, एफडी माहीत नसते, धंदा माहीत नसतो. मी घेतलेलं परत कसं केलं एवढंच तो सांगतो. बाकीचं ज्याचं त्यानं ठरवायचं.

ते सगळं मान्य करून मला जे खटकलं ते लिहितो. कर्ज देताना जात, धर्म, स्त्री-पुरुष असा भेद करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना २००३ मध्येच लिहून दिलेलं आहे. पत्त्याबद्दल त्यात काही नाही. पण सोलापुरात पेठ सांगितली की आडनाव सांगावं लागत नाही. कोणती पेठ कुणाची, कुठं कोणता धंदा, कुठं कोणती भाषा, हे इथलं रिक्षावालं पोरगंसुद्धा सांगेल. पिनकोडवर फुली मारणाऱ्यानं जातीचा विचार मनातही आणला नसेल, मी तसा आरोप करत नाही. त्याच्यापुढे सहा आकडे असतील फक्त. तरी ती फुली कुणावर पडली हे आमच्या बोळात उभं राहिलं की दिसतं.

माझा मेहुणा जुळे सोलापुरात राहतो. जिल्हा परिषदेत आहे. क्रेडिट कार्डाचं बिल भरायला विसरणे हा त्याचा छंद. स्कोअर ७१० च्या आसपास. त्याच दुकानातून त्यानं मोठा टीव्ही उचलला, झिरो डाउन पेमेंटवर, पाच मिनिटांत. वर मला म्हणतो, "दाजी, माझ्या नावावर घ्या की मशीन." घेतलं असतं. पण मग हप्ते मी भरणार आणि रिपोर्ट त्याचा सुधारणार, हे मला काही केल्या पचेना.

आमच्या वडिलांच्या वेळी, ते मिलमध्ये होते तेव्हा, किराणा वहीवर यायचा आणि पगाराला हिशेब व्हायचा. पतसंस्थेत कर्ज मागितलं की दोन जामीनदार आण म्हणायचे. मी त्या काळाचे गोडवे गाणार नाही. जामीनदार मिळवायला वडिलांना कुणाकुणाच्या दारात उभं राहावं लागलं ते आईनं सांगितलंय, आणि संचालकाशी वाकडं असलं की फाइल दबायची. पण काय कमी पडतंय ते तोंडावर सांगायचे. भांडायला समोर माणूस असायचा. लाल पट्टीशी काय भांडणार?

आणि गंमत बघा, त्याच रस्त्यावर सोनं तारण ठेवणाऱ्या कंपनीत हिच्या पाटल्या घेऊन गेलो असतो तर चहा येईपर्यंत पैसे खात्यावर पडले असते. तिथं ना पेठ आडवी आली असती, ना 'इतर'. हिला तसं सुचवून बघितलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की तो विषय तिथंच संपला. मशीनचा निकाल शेवटी तिनंच लावला. म्हणाली, "आपल्याकडं पाणी येतंय चार-पाच दिवसांआड. फुल ऑटोमॅटिकला नळाला सारखं पाणी लागतंय. ते काय पिंपातून पाजायचंय का?" उजनी धरण भरून वाहिलं तरी सोलापूरच्या नळाला रोज पाणी नाही, ही गोष्ट दुकानात आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. तिच्या भिशीचा नंबर लागला, त्यातून सेमी ऑटोमॅटिक रोखीनं आणलं. बादलीनं पाणी ओतायचं, कपडे उचलून दुसऱ्या टबात टाकायचे. उत्तम चाललंय.

मशीनचा प्रश्न मिटला तरी मी बँकेचा नाद सोडला नाही. क्रेडिट कार्डाचा अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं, असं रिझर्व्ह बँकेचे कार्डाविषयीचे निर्देश सांगतात. मी त्या कलमाचा हवाला देऊन बँकेच्या तक्रार विभागाला मेल टाकला. उत्तर आलं, "अंतर्गत धोरण." मी परत लिहिलं की धोरण असणारच, त्या धोरणातल्या कोणत्या अटीत मी बसलो नाही ते नेमकं सांगा, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. लोकपाल बँकेच्या व्यावसायिक निर्णयात पडत नाही हे मला माहीत होतं. म्हणून कार्ड द्या असं मी कुठंच म्हटलं नाही. फक्त कारण मागितलं. एखाद्या पार्टीची नोटीस आल्यावर जसं उत्तर लिहितो तसं, मुद्द्याला मुद्दा, खाली तारीख आणि अर्जाचा क्रमांक.

यावेळी कुणीतरी खरंच वाचलं असावं. उत्तरात एक ओळ होती: व्यवसायाच्या ठिकाणाची पडताळणी समाधानकारक झाली नाही.

ती ओळ वाचून मला बरं वाटलं, आणि मी अक्कांच्या घराकडे बघितलं. पिनकोडबद्दल त्यात अर्थातच काही नव्हतं, फायनान्स कंपन्यांनी तर आजवर एका शब्दाचं उत्तर दिलेलं नाही. पण निदान एका ठिकाणी हात घालायला जागा मिळाली. महाराष्ट्रात माझ्यासारख्या थोड्या माणसांच्या आस्थापनेला दुकान कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते, पावती मिळते. ती दिली. लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी केली. सगळ्या पार्ट्यांना सांगितलं की पाकीट बंद, पैसे फक्त खात्यावर. त्यातल्या एकानं अजून तोंड वाकडं केलेलंच आहे. आणि दारावर फ्लेक्सची पाटी लावली, निळ्यावर पांढरी अक्षरं: अकाउंटिंग, जीएसटी, आयटीआर, प्रोजेक्ट रिपोर्ट. अक्कांना बजावून ठेवलं, "परत कुणी विचारलं तर हे ऑफिस आहे म्हणायचं."

कार्डासाठी पुन्हा अर्ज केलेला नाही. आधीच्या चौकश्या जरा जुन्या होऊ देत, मग बघू. पाटीचा परिणाम मात्र लगेच झाला. रोज कुणी ना कुणी दारात उभं असतं. आधारवरचा मोबाइल नंबर बदलून मिळतो का, पेन्शनचा हयातीचा दाखला निघतो का, लाडक्या बहिणीचे पैसे का थांबले. हे सेतू केंद्र नाही म्हणून सांगायला मी बाहेर येईपर्यंत अक्कांनी त्यांना आत पाठवून खुर्चीवर बसायला सांगितलेलं असतं.